रस्त्यावरील यंत्रपेट्या आणि सार्वजनिक कला : व्यवहार व हक्काचा प्रश्न

प्रस्तावना :

शहरातील रस्त्यांच्या कडेला कमरेइतक्या किंवा पुरुषभर उंचीच्या धातूच्या पेट्या उभ्या असतात. सिग्नलचे नियंत्रक यंत्र, दूरध्वनीच्या तारांची जोडणी, वीजवितरणाचे फीडर पिलर यांना ऊन-पावसापासून जपणे हे त्यांचे काम होय. यंत्र सुरळीत चालते तोवर त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. मात्र जाहिराती चिकटविणाऱ्यांचे लक्ष सर्वप्रथम तिकडेच जाते. शिकवणी वर्ग, भाड्याची खोली, मूळव्याधीवर हमखास इलाज अशा कागदांचे थर आपल्याकडील कोणत्याही पेटीवर सापडतात. पाश्चात्त्य शहरांत त्यांची जागा रंगफवाऱ्याने केलेल्या स्वाक्षऱ्यांनी घेतली. या उपद्रवावर उपाय म्हणून काही शहरांनी ह्याच पेट्या चित्रकारांच्या स्वाधीन केल्या. हा व्यवहार कसा चालतो आणि त्यातून हक्काचा कोणता प्रश्न उद्भवतो, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ब्रिस्बेन व तदनंतर :

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहराच्या नगरपरिषदेने १९९९ मध्ये सिग्नलच्या पेट्या रंगविण्याचा उपक्रम सुरू केला. ‘आर्टफोर्स’ या नावाने तो ओळखला जातो. त्याचे वैशिष्ट्य असे की, तेथे व्यावसायिक चित्रकारांपुरता विचार न करता सामान्य रहिवाशांना निमंत्रण दिले गेले. नागरिकाने आराखडा सादर करावयाचा, तो संमत झाला की नेमून दिलेली पेटी स्वहस्ते रंगवावयाची, अशी ही पद्धत आहे. परिणामी चित्रांचा दर्जा समान राहत नाही. परंतु चौकाचौकांत त्या-त्या वस्तीचा हात दिसतो, आणि हेच या उपक्रमाचे खरे यश मानावे लागेल. बॉस्टनने २००८ मध्ये ‘पेंटबॉक्स’ व डब्लिनने २०१५ मध्ये ‘डब्लिन कॅनव्हास’ या नावाने असेच उपक्रम हाती घेतले. न्यूझीलंडमध्ये कोरस या दूरसंचार कंपनीने आपल्या पेट्यांसाठी हाच मार्ग अनुसरला.

चित्र असलेल्या पृष्ठभागावर पुन्हा कोणी रंग फासत नाही, असे या उपक्रमांच्या समर्थनार्थ सांगितले जाते. रस्त्यावरील चित्रकारांमध्ये परस्परांच्या कामाविषयी एक अलिखित मर्यादा असते, हे त्यामागील कारण होय. ही मर्यादा आपल्याकडील जाहिरात चिकटविणारा पाळेल काय, याविषयी मात्र प्रस्तुत लेखक फारसा आशावादी नाही.

चित्र आणि यंत्र :

यंत्रपेटी म्हणजे भिंत नव्हे. आतील उपकरणे उष्णता निर्माण करतात. म्हणून हवा खेळण्याच्या झडपा रंगाने किंवा फिल्मने बुजता कामा नयेत. उन्हात उभ्या पेटीवर गडद रंग दिल्यास ती अधिक तापते. कुलूप, बिजागरी, पेटीचा क्रमांक व विजेच्या धोक्याची सूचना उघडी राहिली पाहिजे. दुरुस्तीसाठी दार उघडले की चित्र दुभंगते, हेही चित्रकाराने गृहीत धरावयाचे असते. हाताने रंगविण्याच्या पद्धतीत प्रथम प्रायमर, मग बाह्यवापराचा रंग आणि शेवटी पारदर्शक संरक्षक लेप दिला जातो. दुसऱ्या पद्धतीत चित्र विनाइल फिल्मवर छापून पेटीभोवती गुंडाळतात. हे काम त्वरित होते. मात्र चित्रकार रस्त्यावर उभा राहून रंगवीत आहे, येणारे-जाणारे थांबून विचारपूस करीत आहेत, हा प्रसंगच त्यात घडत नाही.

चित्र कोणाचे?

पेटी नगरपरिषदेची वा कंपनीची, चित्र कलावंताचे. आणि पेटी तर कधी ना कधी बदलली जाणारच. त्यावेळी कलावंताला विचारणा व्हावी काय? भारतीय कायद्यात या प्रश्नाला आधार आहे. प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ अन्वये निर्मात्याला आपल्या कृतीचे कर्तृत्व व अखंडता यांविषयी विशेष हक्क प्राप्त होतो, आणि कृतीची मालकी दुसऱ्याकडे गेल्यानंतरही तो टिकतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांना १९५७ मध्ये दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी कांस्य भित्तिशिल्पाचे काम मिळाले. ते १९६२ मध्ये पूर्ण झाले. १९७९ मध्ये शिल्प काढून गोदामात टाकण्यात आले व त्याचे तुकडे झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अवशेष सहगल यांना परत करण्याचा व ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. कृतीचा नाश हा तिच्या विरूपणाचाच टोकाचा प्रकार होय, अशी त्यामागील न्यायालयाची भूमिका होती.

तथापि हा हक्क निरपवाद नाही. २०१७ मध्ये पाडलेल्या ‘हॉल ऑफ नेशन्स’ या वास्तूसंबंधी त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये जागेच्या मालकाचा हक्क वरचढ ठरविला. वास्तुविशारद राज रेवाल यांचा दावा मान्य झाला नाही. यंत्रपेटीवरील चित्र या दोन निर्णयांच्या मधोमध येते. सहगल यांच्या शिल्पाप्रमाणे ते मुद्दाम करवून घेतलेले असते, तर वास्तूप्रमाणे ते मालकाच्या वस्तूपासून वेगळे करता येत नाही.

महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा अधिनियम १९९५ पासून लागू आहे. तेव्हा पेटी रंगविण्यापूर्वी तिच्या धारकाची व स्थानिक प्राधिकरणाची लेखी परवानगी घेणे श्रेयस्कर. त्या परवानगीपत्रातच चित्राची मुदत, चित्रकाराच्या नावाचा उल्लेख, मानधन आणि पेटी बदलण्यापूर्वी द्यावयाची पूर्वसूचना नमूद करता येईल. स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने आपल्या नगरांतील कितीतरी भिंती व पेट्या रंगल्या. परंतु त्यांवर बहुधा घोषवाक्य ठळक असते आणि चित्रकाराचे नाव नसते. कर्तृत्वाच्या हक्काची ही उपेक्षा पेटी बदलण्याच्या कितीतरी आधी, रंग ओला असतानाच घडते. विनाइलच्या बाबतीत मूळ चित्र निदान कलावंताच्या संगणकात सुरक्षित राहते; हाताने रंगविलेल्या पेटीची मात्र दुसरी प्रत नसते.