दुखवट्याचा सूर

३१ ऑक्टोबर १९८४ची संध्याकाळ. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. बाहेरून खेळून आलो तर अम्मी चुलीपुढं बसायचं सोडून रेडिओपुढं बसलेली. रेडिओवर ना गाणी, ना शेतकऱ्यांचा कार्यक्रम. नुसती सारंगी चाललेली. मी काही विचारायच्या आत अम्मीच म्हणाली, “कोई तो बी बडा आदमी गुजर गया, बेटा.” तिला बातम्यांची भाषा नीट कळत नसे, पण सारंगी कळत होती. थोड्या वेळानं निवेदकानं इंदिरा गांधींचं नाव घेतलं आणि अम्मीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

तुमच्यापैकी पन्नाशीच्या आसपास असलेल्यांना हे आठवत असेल. मोठा नेता गेला की आकाशवाणी नेहमीचे कार्यक्रम बंद करायची आणि वाद्यसंगीत, भजनं लावायची. त्यातही सारंगी लोकांच्या इतकी डोक्यात बसली, की एरवी सकाळच्या शास्त्रीय संगीतात कुणी चांगला सारंगिया वाजवू लागला तरी शेजारची बाई दचकून विचारायची, “कोण गेलं हो?” बिचाऱ्या सारंगीवर हा अन्यायच झाला. ती मुळात मैफलीची, गाणाऱ्या बाईच्या मागं बसणारी. ठुमरीच्या नखऱ्याला साथ देणारं वाद्य देशाच्या दुखवट्याचं कसं झालं, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं पडत होता.

उत्तराचा काही भाग वाद्यातच आहे. सारंगीला पडदे नसतात. वादक तारेवर बोटाचं पेर दाबत नाही, नखाच्या मुळाशी तार टेकवून हात सरकवतो. त्यामुळं एका सुरातून दुसऱ्या सुरात जाताना मध्ये कुठं तुटत नाही, माणसाचा गळा दाटून आल्यावर जसा आवाज घसरतो तसा तो घसरतो. शिवाय मुख्य तारांखाली तीसपेक्षा जास्त तरफा असतात. त्यांना कुणी हात लावत नाही, वरचा सूर लागला की त्या आपोआप झणझणतात. एक रडतो आणि त्याच्यामागं घरातले सगळे हुंदके देतात, तसंच काहीसं. आणि महत्त्वाचं म्हणजे तिथं शब्द नसतात. साऱ्या देशाला एकाच वेळी ऐकवायचं तर भाषा कुठली, देव कुणाचा, हे प्रश्न येतात. सारंगी ते टाळते.

पण सगळा गुण वाद्याचा नाही, बराचसा सवयीचा आहे. अमेरिकेत सॅम्युअल बार्बर नावाच्या संगीतकारानं १९३६ साली चार तंतुवाद्यांसाठी एक रचना केली. तिच्यातला संथ भाग पुढं मोठ्या वाद्यवृंदासाठी वेगळा काढला, तो ‘अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज’ म्हणून प्रसिद्ध झाला. ती रचना काही कुणाच्या मरणासाठी केलेली नव्हती. १९४५मध्ये रूझवेल्ट गेले तेव्हा ती रेडिओवर लागली. १९६३मध्ये केनेडींची हत्या झाली तेव्हा पुन्हा लागली. मग २००१ साली ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. चारच दिवसांनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स या संगीत महोत्सवाची शेवटची रात्र होती. दरवर्षी या रात्री लोक झेंडे फडकवतात, देशभक्तीची गाणी म्हणतात, चक्क धुडगूस घालतात. त्या वर्षी आयोजकांनी कार्यक्रम बदलला, ‘रूल ब्रिटानिया’ काढून टाकलं आणि बार्बरची ती रचना घेतली. आज तिकडच्या माणसाला ती ऐकून रडू येतं, ते निम्मं सुरांमुळं आणि निम्मं आधी ती कधीकधी ऐकली त्या आठवणीमुळं.

आपल्याकडं ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची गोष्ट उलटी. ते गाणं दुखवट्यासाठीच जन्माला आलं. १९६२च्या चीन युद्धानंतर कवी प्रदीप यांनी ते लिहिलं, आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी चाल दिली आणि जानेवारी १९६३मध्ये दिल्लीत लताबाईंनी ते पंडित नेहरूंसमोर गायलं. पुढं २०२२ साली बीटिंग रिट्रीटच्या सोहळ्यातून गांधीजींना प्रिय असलेलं ‘अबाइड विथ मी’ वगळलं आणि त्या जागी या गाण्याची धून घेतली, तेव्हा केवढा वाद झाला! एका धुनेसाठी माणसं इतकी का भांडतात, असं काहींना वाटलं. मला नाही वाटलं. कुठल्या सुरात रडायचं हे ठरवणारा, आपण कोण आहोत हेही ठरवत असतो. हे मला एका लहान गावानं शिकवलं होतं.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, रात्री उशिरा घरी येऊन माणसं झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या जिल्ह्यांतली जमीन हादरली. आमच्या भागातली जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर लाकडावर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद अंगावर आलं. हजारो माणसं झोपेतच गेली. बावन्न गावं पुढं नव्या जागी वसवावी लागली. मी नुकताच बी. ए. झालेला, बावीस वर्षांचा. मदतीला गेलेल्या पोरांत मीही होतो. काय पाहिलं ते इथं सांगत नाही.

दहा वर्षांनी, २००३मध्ये, त्यांतल्याच एका गावाची दोन-तीन माणसं माझ्याकडं आली. मी तालुक्याच्या वाचनालयात कामाला होतो. मी कविता लिहितो आणि माझ्याकडं कॅसेटी आहेत, एवढंच त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, “सर, दहावं वर्ष हाय. संध्याकाळी सगळे जमणार. संगीत कोणतं लावावं, ते तुमी ठरवा.” मला फार मोठेपण वाटलं. रात्रभर कॅसेटी चाळल्या आणि अर्थातच सारंगी निवडली.

आदल्या दिवशी आवाजाची चाचणी म्हणून नव्या गावठाणातल्या समाजमंदिरात ती लावली. पाच-सहा जण बसलेले. एक आजी दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या घरातली तीन माणसं त्या रात्री गेली होती. तिनं थोडं ऐकलं आणि विचारलं, “हे कशाचं वाजवायलाव, बाबा?” मी म्हटलं, “दुःखाचं आहे, आजी.” ती म्हणाली, “हे रेडिओचं रडणं हाय. पुढारी मेल्यावर लागतंय. माझी लेकरं काय पुढारी न्हवती.” आणि निघून गेली.

मी टेप बंद केला. माझ्या कवितेवर आजवर पुष्कळ टीका झाली आहे, पण इतकी नेमकी कुणी केली नाही.

मग त्या रात्री समाजमंदिरात खरी चर्चा झाली. तरुण पोरांनी एका सिनेमातलं दर्दभरं गाणं सुचवलं. ते म्हाताऱ्यांनी हाणून पाडलं. कुणी ‘ऐ मेरे वतन’ म्हणालं. त्यावर एक शेतकरी म्हणाला, “ते जवानांचं हाय. आपले तर झोपेत गेले.” भजन हा सरळ मार्ग होता, पण भजनी मंडळाचा पखवाजवाला ढिगाऱ्याखाली गेलेला, आणि त्याच्या जागी दुसरा बसवायला मंडळी इतक्या वर्षांत राजी नव्हती. शिवाय गावात आमच्या लोकांची घरं होती. त्यांचीही माणसं गेली होती. आमच्यात मयतीच्या नावानं फातिहा पढतात, वाद्य नसतं. मग त्यांच्यासाठी काय?

आणि एक माणूस कोपऱ्यात गप्प बसला होता. तो ताशा वाजवायचा. विसर्जनाच्या मिरवणुकीत त्यानंच वाजवला होता. गावानं एकत्र ऐकलेलं ते शेवटचं वाजप. त्यानंतर त्यानं ताशाला हात लावला नव्हता, ना गणपतीला, ना लग्नाला, ना मोहरमच्या सवारीपुढं. मी नवशिक्या उत्साहात विचारलं, “तुम्ही दोन मिनिटं वाजवाल का?” तो फक्त म्हणाला, “नगं, सर.” विचारायलाच नको होतं.

इथं ताशाबद्दल थोडं सांगायला हवं. मराठवाड्याच्या खेड्यांत मोहरमच्या सवारीपुढं आणि गणपतीपुढं तीच ताशा-हलगी वाजते. वाजवणारे हातही बहुधा तेच, वाजंत्री घराण्यांतले. काही समाजांत तीच हलगी अंत्ययात्रेपुढंही वाजते. वाद्य बदलत नाही, ठेका बदलतो. म्हणून अमुक वाद्य शोकाचं आणि तमुक आनंदाचं, असं ठरवून देता येत नाही. ते ज्या रात्री, ज्यांच्यासमोर वाजलं, त्या रात्रीचं होऊन बसतं.

बिस्मिल्ला खाँसाहेबांचं उदाहरण मला त्या वेळी आठवलं नाही, पुढं वाचनात आलं. शहनाई म्हणजे मंगलवाद्य, लग्नमांडवाचं. पण मोहरमच्या आठव्या तारखेला खाँसाहेब बनारसमध्ये दालमंडीपासून फातमानपर्यंत पायी जात, शहनाईवर नौहा वाजवत आणि रडत. त्या दिवशी ते राग वाजवत नसत. त्यांची सगळी विद्या, ज्या रागदारीमुळं जगानं त्यांना डोक्यावर घेतलं ती, त्या दिवशी बाजूला ठेवलेली असे.

हुसेनच्या शोकसभेत, मजलिसमध्ये, सोझ गातात, तिथंही हेच आहे. करबलाची घटना इसवी सन ६८०ची. तेव्हापासूनचा हा शोक आहे. सोझ म्हणणारा सुरात म्हणतो, जाणकाराला त्यात रागाची छाया ओळखू येते, पण वाद्य एकही नाही. तंबोरासुद्धा नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना बसलेले साथीदार गळ्यानंच आधाराचा सूर धरून ठेवतात. त्यांना ‘बाजू’ म्हणतात, म्हणजे बाहू, हात. एकट्याला शोक पेलत नाही म्हणून दोघं त्याला धरतात, असा मी त्याचा अर्थ लावतो. अर्थ माझा आहे, कुणी मौलवी कदाचित हसेल.

तर त्या रात्री गावात काय ठरलं? खरं म्हणजे मी काही ठरवलं नाही. आजीच्या वयाचा एक वारकरी म्हणाला, “आधी नावं तर घ्या समद्यांची.” तेवढ्यानं सगळं जुळत गेलं. गेलेल्यांची नावं वाचायची. जुन्या गावात ज्या गल्लीत जी घरं होती, त्याच क्रमानं. देऊळवाडा, पाटील गल्ली, मातंगवाडा, मशिदीची गल्ली. एका घरातली नावं संपली की टाळाचा एकच ठोका, आणि तो विरेपर्यंत थांबायचं. शेवटी पखवाजाशिवाय एक अभंग. मशिदीच्या गल्लीतल्या घरांनंतर टाळ वाजवावा का, यावर मंडळी घोटाळली. तेव्हा आमच्यातले एक वयस्कर चाचा म्हणाले, “बजने देव. नाम तो लेरे ना सबके.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नावं वाचायला पाऊण तास लागला. भाषण कुणी केलं नाही. एक पाहुणे आले होते, त्यांच्या लक्षात आलं आणि तेही गप्प बसले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. टाळ विरत असतानाची शांतता मला अजून आठवते. दूरवर कुत्रं भुंकत होतं, एक मूल पाणी मागत होतं. आजी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या घराची तीन नावं झाली, ठोका पडला. तिनं हात जोडले नाहीत की डोळे पुसले नाहीत. नुसती मान हलवली, हजेरी घेताना मास्तर हलवतात तशी. मी माझ्या जागेवर मनातल्या मनात फातिहा पढलो. अभंग सुरू झाला तेव्हा पखवाजवाल्याची जागा रिकामी होती, आणि प्रत्येक समेला सगळ्यांची नजर तिकडं जात होती.

पुढच्या वर्षी त्यांनी मला बोलावलं नाही. बोलवायचं कारण नव्हतं. सारंगीची ती कॅसेट माझ्याकडं अजून आहे. कधीतरी रात्री ऐकतो आणि अम्मी आठवते. २०१३ला, वीस वर्षं झाली तेव्हा मी आपला आपण गेलो आणि मागं बसलो. आजी नव्हती. ताशावाला होता, म्हातारा झालेला. नावं आता शाळेतली पोरं वाचत होती, भूकंपानंतर जन्मलेली, ज्यांनी जुनं गाव पाहिलेलंच नाही. मशिदीच्या गल्लीतलं एक नाव वाचताना एक पोरगा अडखळला, चुकीचं वाचलं. मागून ताशावाल्यानं बसल्या जागेवरून ते बरोबर करून सांगितलं. पोरानं नाव पुन्हा, नीट वाचलं. मग टाळ वाजला.