भुरका डोक्यात का जातो?

माझे थोरले काका चहा बशीत ओतून पितात. आधी कपाची किणकिण, मग एक फुंकर, मग भुरका. लहानपणी तिसऱ्या भुरक्यापर्यंत मी कसाबसा दम धरायचे. चौथ्याला मानेमागून काहीतरी सरसरत वर यायचं आणि मुठी आपोआप वळायच्या. काकांवर माझा जीव होता, सायकल त्यांनीच शिकवलेली. तरी त्या घटकेला त्यांच्या हातातली बशी हिसकावून घ्यावीशी वाटे. मग मी आपल्या पेल्यातलं दूध त्यांच्याच तालावर, त्यांच्याहून मोठ्याने भुरकायचे. आईचा धपाटा ठरलेला. "काकांना वेडावतेस?"

वेडावत नव्हते हो. तसं केलं की आतला कढ जरा उतरायचा. पण हे सात वर्षांच्या मुलीने सांगायचं कसं?

आपल्याकडे एखादा माणूस किंवा आवाज 'डोक्यात जातो' म्हणतात. कानात नव्हे, डोक्यात. या शब्दयोजनेचं मला अलीकडे फार कौतुक वाटतं.

झालं असं की, एका रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर एक प्रश्नावली चाळत बसले. कपड्याचं लेबल टोचतं म्हणून कापून टाकता का? हो. ट्यूबलाइटची गुणगुण इतरांच्या आधी ऐकू येते का? हो. एखादा पदार्थ चवीमुळे नाही, तर नुसत्या बुळबुळीतपणामुळे गिळवत नाही का? साबुदाण्याची खीर! रात्री एकपर्यंत मी स्वतःला तीन निदानं बहाल केली होती. जेरोम के. जेरोमच्या १८८९ सालच्या 'थ्री मेन इन अ बोट'मधला निवेदक वैद्यकाचं पुस्तक चाळतो आणि एक गुडघेदुखी सोडली तर त्यातले सगळे रोग त्याला स्वतःत सापडतात. मी त्याच्या पंगतीला जाऊन बसले.

भुरक्याच्या चिडीला मात्र खरंच नाव निघालं. मिसोफोनिया. ग्रीकमध्ये 'मिसोस' म्हणजे द्वेष, 'फोने' म्हणजे आवाज. मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ या दांपत्याने २००१ मध्ये हा शब्द वापरात आणला. म्हणजे मी धपाटे खात होते तेव्हा तो जन्मालाही आला नव्हता.

न्यूकॅसल विद्यापीठातल्या सुखबिंदर कुमार आणि सहकाऱ्यांनी मिसोफोनिया असलेल्या २० जणांना आणि नसलेल्या २२ जणांना स्कॅनरमध्ये झोपवून आवाज ऐकवले. पावसासारखे साधे, बाळाच्या रडण्यासारखे नकोसे, आणि खाण्याचे, श्वासाचे. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. बाळाच्या रडण्याने दोन्ही गट सारखेच वैतागले, पण मचमच सुरू होताच पहिल्या गटात मेंदूच्या घडीत दडलेला इन्सुलाचा पुढचा भाग पेटून उठला. कशाकडे लक्ष द्यायचं आणि त्याबद्दल काय वाटून घ्यायचं, हे ठरवण्यात या भागाचा मोठा हात असतो. नाडीही वाढली, तळव्यांना घामही सुटला. नखरे करून तळव्याला घाम आणता येत नाही, हे आईला वेळेवर कळायला हवं होतं.

खरी गंमत २०२१ मधली. त्याच चमूला दिसलं की आवाज ऐकणाऱ्या भागाचा प्रतिसाद दोन्ही गटांत जवळपास सारखाच आहे. म्हणजे कान तिखट नाहीत. फरक होता तो ऐकणाऱ्या भागाच्या आणि तोंड, ओठ, जीभ हलवणाऱ्या भागाच्या जोडणीत. या लोकांत ती जास्त घट्ट होती. समोरचा चावतो आणि माझ्या मेंदूतला चावण्याचा विभाग जागा होतो. दुसऱ्याचं तोंड जणू परवानगीशिवाय माझ्या तोंडात शिरतं, आणि राग येतो तो या घुसखोरीचा. संशोधकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. यांतले बरेच जण चीड आणणाऱ्या आवाजाची नक्कल करतात आणि त्याने त्यांना बरं वाटतं. बहुधा त्यामुळे हरवलेला ताबा परत हाती येतो.

हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. पेल्यातलं ते दूध!

बाकीच्या दोन निदानांचं, त्यांतही स्वमग्नतेचं, मात्र फारसं काही झालं नाही. प्रकाश, स्पर्श, आवाज यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये स्वमग्नतेच्या निकषांत घेतलं हे खरं. पण ते चार वर्तनखुणांपैकी एक. त्यांतल्या निदान दोन लागतात, शिवाय माणसांशी वागण्या-बोलण्यातल्या तीन अडचणी, आणि सगळ्याची मुळं लहानपणात. कापलेल्या लेबलाच्या जिवावर तिथवर पोचता येत नाही. उलट मिसोफोनियाला त्या पुस्तिकेत अजून स्वतंत्र जागाच नाही. तज्ज्ञांनी एकत्र बसून त्याची व्याख्या केली ती २०२२ मध्ये. ज्यांना खरोखर पंगतीतून उठून जावं लागतं, नोकरी सोडावी लागते, त्यांना हे आजही कुठल्या रकान्यात बसवायचं हा प्रश्नच आहे.

मी ज्या मानसतज्ज्ञ बाईंकडे गेले त्यांनी प्रश्नावली बाजूला सारून एवढंच विचारलं, "यामुळे तुमचं अडतं कुठे?" बराच वेळ विचार करून मी म्हटलं, "काकांकडे."

काका आता ब्याऐंशीचे. गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा काकूंकडे मीही बशी मागितली. चहा ओतला, फुंकर मारली, आणि त्यांच्या भुरक्यावर माझा भुरका चढवला. तिसरा गेला, चौथा गेला, मान शांत. काकांनी बशीवरून माझ्याकडे पाहिलं.

"आत्ता कुठे चहा प्यायला शिकलीस," म्हणाले.