दिवस भरत आले की...

आपल्याकडे "दिवस भरत आले" एवढं म्हटलं की पुरतं. इकडे अमेरिकेत मात्र डॉक्टर पहिल्याच भेटीत एक तारीख हातात देतात: ड्यू डेट. तारीख मिळाली की आम्हा इंजिनियर मंडळींना हायसं वाटतं. रजा, पाळणा, आईचं तिकीट, सगळं तिच्यावर बेतलं जातं. पण हे वचन नव्हे, अंदाज आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून, सुरुवातीच्या सोनोग्राफीशी ताडून ती काढतात. शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं ती पाळतात! तेव्हा आईचं तिकीट निदान तीन आठवडे आधीचं काढावं. येणाऱ्या आजी-आजोबांनी डांग्या खोकल्याची लस बाळाला भेटण्याच्या किमान दोन आठवडे आधी घेतलेली बरी.

छत्तिसाव्या आठवड्यापासून डॉक्टर बहुधा दर आठवड्याला बोलावतात. ब्लडप्रेशर, लघवी आणि बाळाचे ठोके पाहतात. याच सुमारास ग्रूप बी स्ट्रेप नावाच्या जंतूची तपासणी होते. जंतू सापडला तर घाबरायचं कारण नाही. बाळंतपण चालू असताना शिरेतून अँटिबायोटिक देतात, म्हणजे बाळाला संसर्ग होण्याची शक्यता खूप कमी होते.

आता पोट खाली उतरतं. श्वास मोकळा होतो, पण बाथरूमच्या फेऱ्या वाढतात. मधूनच पोट कडक होऊन सैल पडतं, त्या सरावाच्या कळा. पाणी प्यायलं, कूस बदलली की त्या थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत, वाढत जातात. इथे पाच-एक-एक असा हिशेब सांगतात: दर पाच मिनिटांनी, एक मिनिट टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायचं. बाळंतपण दुसरं असेल, हॉस्पिटल लांब असेल किंवा बर्फ पडत असेल तर त्याआधीच फोन करावा. पाणी गेलं तर कळांची वाट पाहू नये. लगेच कळवावं आणि पाण्याचा रंगही सांगावा. हिरवट किंवा तपकिरी असेल तर तडक निघावं.

खरी काळजी आहे ती आपल्या घरोघरी ऐकू येणाऱ्या एका वाक्याची: "अगं, नवव्यात होतंच असं." पुष्कळदा ते खरंही असतं. पण काही बाबतीत मुळीच नाही. बाळाला जागा उरली नाही म्हणून ते हलत नाही, हा समज चुकीचा आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, पण ती थांबता कामा नये. डाव्या कुशीवर निजून मोजावं, दोन तासांत दहा हालचाली हव्यात. नेहमीपेक्षा स्पष्ट कमी वाटलं तर मोजत बसण्याचीही गरज नाही, फोन करावा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर एकाएकी सूज, ब्लडप्रेशर १४०/९० किंवा वर, ही प्रीक्लॅम्प्सियाची लक्षणं असू शकतात. रक्तस्राव झाला तर अर्थात थांबूच नये.

आणखी एक दुखणं आपल्या लोकांनी खास लक्षात ठेवावं. पुरळ नसताना तळहात-तळपायांना खाज सुटते, रात्री जास्त. घरात "उष्णता झाली" म्हणून तूप चोळलं जातं. पण हा यकृताचा विकार असू शकतो, आणि दक्षिण आशियाई स्त्रियांत तो तुलनेने जास्त आढळतो. पित्तातली आम्लं रक्तात साठतात. ती फार वाढली तर बाळाच्या जिवाला धोका असतो. साध्या रक्ततपासणीत ते कळतं, आणि गरज पडल्यास डॉक्टर बाळंतपण लवकर करवतात. म्हणून भारतात फोन लावण्याआधी डॉक्टरांना लावावा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. "उगीच त्रास दिला" असा संकोच नको.

होणाऱ्या बाबांचीही कामं आहेत. मागे तोंड करून बसवायची कार सीट आधीच गाडीत बसवून ठेवावी. नोकरीतल्या इन्शुअरन्समध्ये बाळाचं नाव जन्मापासून ३० दिवसांच्या आत घालावं. घरी लवकर पाठवतील अशी धास्ती असेल तर १९९६ चा संघीय कायदा ठाऊक असावा. बहुतेक इन्शुअरन्स प्लॅनना नैसर्गिक बाळंतपणानंतर ४८ तासांपेक्षा आणि सिझेरियननंतर ९६ तासांपेक्षा कमी मुक्कामाची अट घालता येत नाही.

मग आजीचं राज्य सुरू होतं: डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मऊ भात. जरूर होऊ द्या! फक्त डोकेदुखी आणि ब्लडप्रेशरवरचं लक्ष बाळंतपणानंतरही सहा आठवडे ढळू देऊ नका, आणि डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत मराठीतही लिहून फ्रिजवर लावा. ज्यांच्या घरी दिवस भरत आलेत, त्या सगळ्यांची सुखरूप सुटका होवो.