सुट्टीचा हिशेब

मे महिना हा गोव्यात केवळ उकाड्याचा महिना नव्हे. तो घरोघरच्या लगबगीचाही महिना आहे. काजूचा हंगाम सरत आलेला असतो, अंगणात सोले वाळत असतात आणि पावसाळ्यापूर्वीच्या पुरुमेताची बेगमी चाललेली असते. शाळकरी मुलाची सुट्टी या घरच्या संसारातच सामावलेली असते. ती त्याला मागावी लागत नाही आणि तिचा हिशेबही कोणी विचारत नाही. आजोळी जावे, मामेभावंडांबरोबर बोंडू वेचावेत, रात्री जत्रेतले नाटक पाहावे. कारकुनाचा मुलगा असो वा कुळागरात राबणाऱ्याचा, दोघांच्या सुट्टीत फारसे अंतर नसते.

महाविद्यालयात पाऊल पडताच हे चित्र पालटते. आजोळ तेच असते, पण परीक्षांच्या तारखा निरनिराळ्या असल्यामुळे भावंडे तेथे एकत्र जमत नाहीत. सुट्टी घराची न राहता ज्याची त्याची होते, आणि येथेच परिस्थितीतील अंतर उघडे पडते. एकजण पुढील प्रवेशपरीक्षेच्या वर्गाला जातो. दुसरा पुढच्या वर्षाची फी जमवण्यासाठी हॉटेलात राबतो किंवा आईबरोबर मासळीबाजारात बसतो.

आता या सुट्टीला श्रेयांकांचा हिशेबही लागला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसारचा पदवी अभ्यासक्रम गोवा विद्यापीठाने 2023-24 पासून लागू केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे विद्यार्थ्याने 60 ते 120 तासांची इंटर्नशिप करावयाची असून 30 तासांस एक श्रेयांक धरला जातो. हे तास भरून काढण्यास उन्हाळ्याची सुट्टी साहजिकच सोयीची ठरते. दुसरीकडे, 2025 साली सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग 7 एप्रिलपासूनच सुरू करण्यात आले. म्हणजे बिनहिशेबी सुट्टी शाळेतच आखडू लागली आणि हिशेबी सुट्टी पुढे वाट पाहत उभी आहे.

तरुणांनी प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न असा, की कोणाचे काम हे काम म्हणून मोजले जाणार? ज्याच्या वडिलांची पणजीतील कार्यालयांत ओळख आहे, त्याला प्रमाणपत्र सहज मिळेल. ज्याने अख्खा मे महिना काजूच्या भट्टीवर काढला, त्याचे श्रम मात्र कोणत्याच रकान्यात बसणार नाहीत; त्याला पोटासाठी एक आणि पदवीसाठी दुसरे अशी दोन कामे करावी लागतील.

आयोगाने इंटर्नशिपसाठी सुचविलेल्या क्षेत्रांत शेती आणि हस्तकलाही आहेत. तेव्हा महाविद्यालयांनी ओळखीपाळखीवर विसंबू नये. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खाजन शेतीच्या बांधांची पाहणी, गावच्या वाचनालयातील ग्रंथांची नोंद, कुळागरातील पाणीव्यवस्थेचा अभ्यास अशी कामे सुट्टीपूर्वीच ठरवून द्यावीत. आणि जो विद्यार्थी घरच्या धंद्यात राबतो, त्याला त्याच कामाचा नीट अहवाल लिहावयास लावून श्रेयांक द्यावेत.

मात्र हे सारे केल्यावरही सुट्टीतले काही दिवस मोकळेच राहिले पाहिजेत. शाळेत असताना मोकळा वेळ वडीलधारी माणसे देतात. महाविद्यालयात तो स्वतः राखावयास शिकावे लागते. दुसऱ्याने भरून दिलेल्या तासांनी नोकर तयार होतील. आपला वेळ आपण कशाला द्यायचा हे ठरविण्याचे शिक्षण मात्र त्या मोकळ्या दिवसांतच मिळते, आणि स्वतंत्र नागरिकाला त्यावाचून गत्यंतर नाही.