संपीडित हवा : ऊर्जासंचय व इमारतींचे शीतन

विजेची मागणी कमी असताना उपलब्ध होणारी ऊर्जा वापरून हवा दाबून साठविणे आणि मागणीच्या वेळी त्या हवेचे प्रसरण घडवून ऊर्जेचा काही भाग परत मिळविणे, या पद्धतीस संपीडित हवा ऊर्जासंचय म्हणतात. प्रसरणाच्या वेळी हवा थंड होते व ही थंडी इमारतींच्या शीतनासाठी वापरता येते. ज्या प्रदेशात उन्हाळा कडक असतो आणि सौर वीज दिवसाच मिळते, तेथे या जोड उपयोगाचा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्रातील नंदुरबार हा असाच जिल्हा होय. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. त्याच्या दक्षिण भागातील तापीकाठच्या सखल प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४०° से.च्या वर जाते. भिंती व छपरे दिवसभर शोषलेली उष्णता सायंकाळनंतर घरात सोडीत राहतात. त्यामुळे शीतनाची गरज सूर्यास्तानंतरही टिकते, पण सौर वीज त्या वेळी थांबलेली असते.

हवा दाबली म्हणजे ती तापते. ४०° से. तापमानाची हवा उष्णता बाहेर जाऊ न देता सहा वातावरणीय दाबापर्यंत दाबल्यास तिचे तापमान सु. २५०° से. होते. ही उष्णता काढून घेऊन हवा ३०° से.पर्यंत निववली आणि मग उष्णता आत येऊ न देता प्रसरण पावू दिली, तर तत्त्वतः तिचे तापमान उणे ९०° से.च्या आसपास उतरते. प्रत्यक्ष यंत्रात ते इतके खाली जात नाही, तरी गोठणबिंदूच्या बरेच खाली जाते. या प्रसरणात हवेकडून काम करवून घेणे आवश्यक असते. हवा नुसती झडपेतून सोडून दिल्यास तिच्या तापमानात फारच थोडी घट होते व साठविलेली ऊर्जाही वाया जाते.

या तत्त्वाचा शीतनासाठी उपयोग विजेच्या वापराआधीचा आहे. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातील अ‍ॅपलॅचिकोला येथील वैद्य जॉन गोरी यांनी तापाच्या रुग्णांच्या खोल्या थंड ठेवण्यासाठी हवा दाबून, पाण्याने निववून व पुन्हा प्रसरण पावू देऊन बर्फ तयार करणारे यंत्र बनविले. त्याचे एकस्व त्यांना १८५१ मध्ये मिळाले. यंत्राला भांडवल मात्र लाभले नाही व १८५५ मध्ये ते निधन पावले. आल्प्समधील माँ सनी बोगद्याच्या (१८५७–७१) खोदकामात संपीडित हवेवर चालणारी छिद्रण यंत्रे वापरली गेली. त्यांतून बाहेर पडणाऱ्या हवेने बोगद्यात वायुवीजनही होई. पॅरिसमध्ये व्हिक्टर पॉप यांनी प्रथम सार्वजनिक घड्याळांसाठी उभारलेल्या हवावाहिन्यांचे १८८० नंतर शहरभर जाळे झाले. कारखानदार नळ जोडून लहान यंत्रे चालवीत. शक्ती हवी असेल तेथे हवा आधी शेगडीवर तापवीत आणि शीतगृहासाठी थंडी हवी असेल तेथे ती न तापविताच वापरीत. हे जाळे १९९४ पर्यंत चालू होते. एकाच नळातून शक्ती व थंडी अशा दोन वस्तू विकता येतात, हे पॅरिसने शंभर वर्षे दाखविले. तरी नंतरच्या वीजकेंद्रांनी थंडीला उपद्रवच मानले.

जर्मनीतील हुंटोर्फ येथे १९७८ मध्ये सुरू झालेले २९० मेवॉ.चे केंद्र हे या प्रकारचे पहिले मोठे केंद्र होय. तेथे सैंधवाच्या थरात पाण्याने विरघळवून केलेल्या, एकूण सु. ३ लाख घ.मी. घनफळाच्या दोन गुहांमध्ये हवा साठवितात. प्रसरणापूर्वी हवा नैसर्गिक वायू जाळून तापवावी लागते. दर एकक वीजनिर्मितीसाठी सु. ०·८ एकक वीज व १·६ एकक ऊर्जेइतका वायू खर्ची पडतो. अमेरिकेतील अ‍ॅलाबॅमा राज्यातील मॅकिंटॉश केंद्रात (१९९१, ११० मेवॉ.) निष्कास वायूंची उष्णता परत वापरून वायूचा खर्च कमी केला आहे. चीनमध्ये जिंतान येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या ६० मेवॉ.च्या केंद्रात संपीडनाची उष्णता साठवून तीच प्रसरणाच्या वेळी वापरतात. इंधन जाळत नाहीत.

नंदुरबार जिल्हा दख्खनच्या बसाल्टी थरांचा व तापीच्या गाळाचा आहे. तेथे सैंधवाचे साठे नाहीत. बसाल्टाच्या प्रवाहांत सच्छिद्र व भेगाळ थर एकाआड एक येतात, त्यामुळे हवाबंद गुहा करणे खर्चिक ठरेल. महाराष्ट्रात ऊर्जासंचयासाठी डोंगर-दऱ्यांतील पाण्याचा मार्ग स्वीकारला गेला. घाटघर येथील २५० मेवॉ.चा पंपित जलसंचय प्रकल्प (२००८) हे त्याचे उदाहरण होय. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेवर गुजरातेत बांधलेल्या सरदार सरोवराच्या नदीपात्रातील वीजगृहातही प्रत्येकी २०० मेवॉ.ची सहा दुहेरी (जनित्र व पंप अशी) यंत्रे आहेत. त्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के असून त्यासाठी अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बुडित क्षेत्रात आली. मोठ्या संचयाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे या जिल्ह्याला ठाऊक आहे. संपीडित हवेचा विचार येथे करावयाचा तो इमारतीच्या आवारातील पोलादी टाक्यांपुरता.

अशा टाकीचा हिशेब उद्‌बोधक आहे. ३० वातावरणीय दाबाच्या एक घ.मी. हवेतून, तापमान स्थिर ठेवून प्रसरण केल्यास, तत्त्वतः सु. २ किवॉ. तास काम मिळते. व्यवहारात त्याच्या निम्मे धरावे. प्रसरण पावणारी हवा जेवढे काम देते, जवळजवळ तेवढीच उष्णता ती सभोवतालातून शोषून घेते. म्हणजे एक एकक विजेबरोबर सु. एक एकक थंडी मिळते. एक टन क्षमतेचे वातानुकूलन यंत्र तासाला ३·५ किवॉ. तास उष्णता काढते. तेव्हा एक घ.मी. टाकीच्या थंडीवर ते काम वीस मिनिटेही चालणार नाही. याउलट एक घ.मी. बर्फ वितळताना सु. ८५ किवॉ. तास उष्णता शोषतो. केवळ थंडीच साठवावयाची असेल, तर दुपारच्या सौर विजेवर बर्फ किंवा थंड पाणी तयार करून ठेवणे हवेपेक्षा पुष्कळ सोईचे आहे. खानदेशातील कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे व पाण्याचे कूलर थोड्या विजेत चांगले काम देतात, हेही विसरता येत नाही. धाब्याच्या घरातील मातीचा जाड थर तर विजेवाचूनच उष्णता अडवितो.

मग हवेला स्थान कोठे? जेथे वीज, थंडी व उष्णता या तिन्हींची गरज एकाच छताखाली असते तेथे. आश्रमशाळांच्या वसतिगृहांना गरम पाणी लागते, परंतु ऐन मे महिन्यात त्या बंद असतात. रुग्णालयाचे तसे नाही. तेथे कपडे व उपकरणे धुण्यासाठी बारमाही गरम पाणी, उन्हाळ्यात प्रसूतिकक्षात थंडावा आणि वीज गेल्यास लसींच्या शीतपेट्या व दिवे यांसाठी राखीव पुरवठा लागतो. सातपुड्यातील धडगाव, मोलगी यांसारख्या ठिकाणी वीजवाहिन्या लांब व डोंगराळ मार्गाने येतात, म्हणून राखीव पुरवठ्याचे मोल अधिक. चार तास ५ किवॉ. वीज पुरविण्यासाठी वरील हिशेबाने २० घ.मी. टाकी लागेल. ती पाण्याच्या दोन मोठ्या टँकरांएवढी होते. आवारात ती मावते. विद्युत् घटमालेला मात्र याच्या लहानशा अंशाइतकीच जागा पुरते व तिच्यातून साठविलेल्या विजेचा बराच मोठा भाग परत मिळतो. टाकीच्या बाजूने सांगण्यासारखे इतकेच की, तिची क्षमता घटमालेप्रमाणे वापराने व उष्म्याने फारशी घटत नाही आणि दुरुस्ती स्थानिक कारागिराच्या आवाक्यातील असते.

निष्कास हवा खोलीत थेट सोडावयाची असेल, तर संपीडकातील वंगणतेल गाळून काढावे लागते. पावसाळी हवेतील बाष्प आधी शोषून घेतले नाही, तर प्रसरणयंत्राच्या तोंडाशी बर्फ धरून मार्ग बंद होतो. म्हणून बहुधा निष्कास हवा उष्णता-विनिमयकातून नेऊन तिने पाणी थंड करतात व ते पाणी खोल्यांतून फिरवितात. टाकीच्या तळाशी साचणारे पाणी रोज काढणे, सुरक्षा-झडपेची तपासणी आणि ठराविक मुदतीने टाकीची पाण्याच्या दाबाने परीक्षा ही कामे टाळता येत नाहीत. गंजलेली दाबटाकी फुटल्यास होणारी हानी स्फोटकासारखी असते.