कड हरवलेलं गजकर्ण

पंधरा-वीस वर्षांपूर्वी गजकर्ण ओळखायला त्वचारोगतज्ज्ञ लागत नसे. गोल चट्टा, भोवती उठावदार लाल कड, तिच्यावर बारीक पुरळ नि कोंडा, मधला भाग जवळजवळ साफ. बुरशी कातडीच्या वरच्या थरातलं केराटिन खात बाहेरच्या अंगाला सरकते, म्हणून सगळी धामधूम कडेला. तपासणीही तिथूनच. ब्लेडने कडेचा कोंडा खरवडायचा, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, जरा थांबायचं. सूक्ष्मदर्शकाखाली फाटे फुटलेले लांब धागे दिसले की निदान पक्कं. मधून खरवडलं तर बहुतेकदा हाती काही लागत नाही.

2010 नंतर ही कड पुसट होत गेली. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड. दोन-चार दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश. बुरशी मात्र मोकाट. ट्यूब बंद केली की चट्टा पेटतो, की पुन्हा ट्यूब. या धरसोडीत वर्तुळाच्या आत वर्तुळं दिसू लागली. पुस्तकांत हे रूप पॅसिफिक बेटांवरच्या एका निराळ्याच बुरशीच्या नावावर होतं. काहींच्या चट्ट्याला तर धड कडही नाही नि कोंडाही नाही. मग एक्झिमा समजून आणखी स्टेरॉइड, आणि जांघेत कातडी पातळ होऊन ताणाचे व्रण. खरं तर स्टेरॉइडने वेषांतर केलेल्या गजकर्णाबद्दल आइव्ह आणि मार्क्स यांनी इंग्लंडमध्ये 1968 मध्येच लिहून ठेवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

2018 मध्ये केंद्र सरकारने अशा मलमांना चिठ्ठी सक्तीची केली. नियम चांगला, पण 'खाजेची ट्यूब द्या' म्हणणारं गिऱ्हाईक अजून सहसा रिकाम्या हाती परतत नाही.

सगळं खापर ट्यूबवरही फोडता येणार नाही. बुरशीच बदलली. पूर्वी ट्रायकोफायटन रुब्रमचं राज्य होतं. तिला मागे सारून टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाला न जुमानणारी जात पसरली. भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या कातडीवरून ती वेगळी काढून जपानी संशोधकांनी 2020 मध्ये तिला 'इंडोटिनी' नाव दिलं. पुढे ती युरोप-अमेरिकेतही सापडली.

आता केसपेपरवर 'गोल चट्टा, कड स्पष्ट' एवढ्याने भागत नाही. काय लावलं, किती महिने लावलं, घरात आणखी कुणाला खाज आहे, हेही लिहावं लागतं. ट्यूबचं नाव पुष्कळांना आठवत नाही. म्हणून डॉक्टर सांगतात, पुढच्या वेळी ट्यूबच घेऊन या, संपलेली असली तरी.