वस्तू न मोडता तिची पारख

भोपाळचे बिट्टन मार्केट असो वा महाराष्ट्रातील एखाद्या गावचा आठवडे बाजार असो, मडके घेणारे गिऱ्हाईक ते आधी वाजवून पाहते. आवाज खणखणीत निघाला तर मडके पक्के. बद्द निघाला तर त्यास तडा गेलेला आहे, हे मडके न फोडताच कळते. उद्योगक्षेत्रात वस्तूस धक्का न लावता होणाऱ्या अशा तपासणीस ‘अविनाशी परीक्षण’ म्हणतात.

संमिश्र पदार्थांच्या बाबतीत हे परीक्षण विशेष महत्त्वाचे आहे. काचेचे अथवा कार्बनचे धागे राळेत थरावर थर बसवून हे हलके, पण बळकट पदार्थ तयार करतात. भोपाळ येथे १९८१ साली स्थापन झालेल्या व आज ‘अ‍ॅम्प्री’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या संशोधन संस्थेने घायपाताच्या धाग्यांचाही यासाठी उपयोग केला आहे. सातारा जिल्ह्यातील पवनचक्क्यांची पाती आणि ‘तेजस’ विमानाच्या सांगाड्याचा मोठा भाग संमिश्र पदार्थांचाच आहे.

धातूच्या पत्र्यावर अवजार पडले तर पोचा दिसतो. संमिश्र पदार्थावर मात्र पुष्कळदा खूणही उमटत नाही आणि आतील थर सुटलेले असतात. वरून धडधाकट दिसणारा असा भाग भार येताच दगा देऊ शकतो.

हा दोष श्रवणातीत ध्वनीने शोधता येतो. मनुष्यास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो; या परीक्षणात बहुधा दहा लाखांहून अधिक कंपनांचा ध्वनी वापरतात. विजेने कंप पावणारा स्फटिक तो वस्तूत सोडतो. मध्ये हवा राहू नये म्हणून सोनोग्राफीप्रमाणेच पाणी अथवा मलम लावतात. ध्वनी पलीकडच्या पृष्ठभागावरून परततो. समजा, तक्ता ६ मिलिमीटर जाड आहे व त्यातील ध्वनीचा वेग सेकंदास ३,००० मीटर आहे. प्रतिध्वनी सेकंदाच्या दहा लाखांश भागाच्या चौपट वेळात परतला पाहिजे. तो निम्म्याच वेळात आला, तर ३ मिलिमीटर खोलीवर थर सुटून पोकळी झाली आहे, असे समजावे.

या पद्धतीसही मर्यादा आहेत. थर एकमेकांस टेकलेले, परंतु चिकटलेले नसतील, तर ध्वनी पार निघून जातो आणि दोष लपून राहतो. म्हणून परीक्षक अनुभवी असावा लागतो आणि प्रसंगी इतर पद्धतींचीही जोड द्यावी लागते. त्याहून महत्त्वाचे हे की, खूण दिसो वा न दिसो, प्रत्येक आघाताची नोंद कामगाराने तत्काळ केली पाहिजे. कोठे तपासावयाचे हे त्या नोंदीवरूनच कळते.